घरात माणसं किती

टेंपोतून आधी कपाट उतरलं, मग वॉशिंग मशीन, मग जावेच्या नातीची सायकल. जावेचा मुलगा तमिळनाडूतला सोनं गाळायचा धंदा सोडून बायकोपोरांसकट कायमचा गावी आला होता. मी भिंतीपलीकडून बघत होते. माझा मुलगाही तिकडे तोच धंदा करतो. यायला हवा होता माझा, आणि आला हिचा. माझं अंग नुसतं जळत होतं.

आमचं गाव विट्याजवळ; घरोघरची माणसं याच धंद्यापायी परमुलखात. टेंपो यायच्या काही महिने आधी, जत्रेच्या आठवड्यात एका कंपनीची दोन माणसं आली होती. त्यांना रस्त्यावर किराण्याचं आणि कपड्यांचं मोठं दुकान काढायचं होतं. ज्याची जागा, त्याच्याच घरातला माणूस ते चालवणार. त्याआधी इथे माणसं किती, शिकलेली किती, कमाई किती, हे ते दारोदार विचारत होते. माझी आणि जावेची जागा रस्त्याला लागूनच. "दुकान आपल्यात आलं तर मी येतो, आई," असं मुलाने फोनवर कबूल केलं होतं. जत्रेला मात्र तो आला नव्हता.

"घरात किती जण?" त्यांनी मला विचारलं.

"मी एकटी. चौथी पास. शेत वाट्यानं दिलंय."

पलीकडे जाऊ सांगत होती, "चौदा जण. थोरला बी.कॉम. हाय. नातवंडं समदी इंग्लिश शाळंत." अंगणात जत्रेला आलेल्या मुलांच्या गाड्या उभ्याच होत्या.

ते गेल्यावर मी म्हणाले, "आवं बाई, चौदा कुठली? परवा गाड्या गेल्या की तुमी आन् तुमचं मांजर."

"अगं, भाईर कमवायला गेलेलं माणूस घरातनं जातं व्हय? तुजं पोरगं काय मेलंय, एकटी म्हणालीस ती?"

गावात सगळ्यांनी तिच्यासारखंच सांगितलं होतं. शहाणी मी एकटीच निघाले.

चौदा माणसं बघून कंपनीने दुकान तिच्या जागेत काढलं, आणि ते चालवायला तिचा मुलगा त्या टेंपोतून आला. रोज दुपारी ती मला ऐकू जाईल अशी मुलाला जेवायला हाक मारायची. मी साखरसुद्धा तिथून घेतली नाही, एसटीने विट्याला जाऊन आणली.

दिवाळीत दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दिवाळी सरली, गाड्या गेल्या, आणि दुकानात माशा उरल्या. कंपनीने मोजलेली माणसं कधीच परमुलखात, आपापल्या सोनं गाळायच्या दुकानांवर परत गेली होती. पुढची जत्रा यायच्या आत कंपनीने पाटी उतरवली.

टेंपो पुन्हा आला. या वेळी सायकल आधी चढली. मी भिंतीशीच होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

टेंपो वळल्यावर जाऊ म्हणाली, "बघितलंस का पोटभर?"

"बघितलं."

माझा मुलगा अजून तिकडेच आहे. भिंतीच्या या बाजूला मी राहते, त्या बाजूला ती.