गॅरंटीवाल्यांनी गाडीला लेप लावला

गावात त्यांना सगळे गॅरंटीवाले म्हणत. फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या दुकानात त्यांची अर्धी हयात गेली होती, पण ते फ्रीज विकत नसत. ते काम दुसरे करत. गिऱ्हाईक पैसे भरायला निघालं, की गॅरंटीवाले हळूच त्याच्या शेजारी येऊन उभे राहत आणि विचारत, “समुद्राच्या बाजूला राहता का?” गाव समुद्रालाच लागून होतं, त्यामुळे उत्तर ठरलेलं. मग ते एक सुस्कारा सोडत, जरा थांबत आणि वाढीव गॅरंटीचा कागद पुढे सरकवत. तो सुस्कारा त्यांनी आरशासमोर उभं राहून बसवला होता. बायकोला हे ठाऊक होतं, कारण आरसा तिच्या कपाटाचा होता.

नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा त्यांनी घरात आधीच जाहीर करून टाकलं, की आपल्या गळ्यात कुणी काही मारू शकणार नाही. बायको म्हणाली, बरं.

शोरूममधली मुलगी त्यांच्या भाचीच्या वयाची असेल. गाडीच्या सगळ्या सह्या झाल्यावर तिनं पेन बाजूला ठेवलं आणि विचारलं, “काका, घर समुद्राच्या बाजूला आहे का हो?”

गॅरंटीवाल्यांना भरून आलं. आपलाच धंदा कुणीतरी पुढे चालवतंय याचा त्यांना खरंच आनंद झाला. मुलगी खाऱ्या वाऱ्याबद्दल बोलली, गाडीच्या पोटाखाली गंज कसा गुपचूप वाढतो ते तिनं सांगितलं आणि मग चाळण झालेल्या पत्र्याचा फोटो दाखवला. त्यावर उपाय एकच, अँटीरस्ट कोटिंग. गाडीच्या खालून आणि दारांच्या आतून काळा लेप मारून द्यायचा. गॅरंटीवाले मनातल्या मनात तिला मार्क देत होते. प्रश्न झकास. फोटो जरा घाईनं दाखवला. सुस्कारा नाहीच. परीक्षा घेणाऱ्याच्या ऐटीत ते उठले आणि म्हणाले, “विचार करून सांगतो.”

हे वाक्य म्हणणारं गिऱ्हाईक परत येतं, हे गावात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण ते वाक्य तोंडातून गेल्यावर मगच हे त्यांच्या लक्षात आलं.

त्या दिवसापासून त्यांना जिथे तिथे गंज दिसू लागला. फाटकाला गंज, खिडकीच्या गजांना गंज, कपडे वाळत घालायच्या तारेला गंज, नेलकटरला गंज. बायकोनं सांगून पाहिलं, की हे सगळं आधीपासूनच होतं. त्यांना पटलं नाही. रविवारी ते अंगणात वर्तमानपत्र पसरून नव्याकोऱ्या गाडीखाली उताणे झाले, तेव्हा येणाराजाणारा प्रत्येक जण थांबून विचारू लागला, की इतक्यात बिघडली का.

शेवटी ते मोठ्या बहिणीकडे गेले. ताई नर्स होती, घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या पट्ट्या बदलायची, आणि वर्षानुवर्षं त्याच एका गाडीनं त्याच खाऱ्या वाऱ्यात फिरायची. तिच्या गाडीला पोचे होते, गंज नव्हता. ताई वाटाणे सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, “असला लेप कंपनीनं लावलेलाच असतो रे. अधूनमधून खालून धुवत जा. आणि दारांच्या तळाला बारीक भोकं असतात, पाणी जायला. ती मोकळी ठेव.”

“एवढंच?”

“एवढंच.”

गॅरंटीवाले नाराज होऊन परतले. सल्ल्यात भीती नव्हती, फोटो नव्हता, सही करायला जागा नव्हती. असल्या फुकटच्या गोष्टीवर भरवसा ठेवायची त्यांना सवयच राहिली नव्हती. दुसऱ्याच दिवशी ते शोरूममध्ये हजर झाले. सही करताना त्यांनी न राहवून विचारलं, मी परत येईन असं वाटलं होतं का?

मुलगी सरळ म्हणाली, “काका, तुम्ही नाही म्हणालाच नव्हता.”

गॅरंटीवाल्यांनी तिला पैकीच्या पैकी देऊन टाकले.

लेप लागला. आठवडाभर गाडीत डांबरासारखा वास येत होता. बायको खिडकीतून जवळजवळ अर्धी बाहेर बसायची. गॅरंटीवाले मात्र सुखात होते. फाटकाचा गंजसुद्धा त्यांना दिसेनासा झाला.

पावसाळ्यात एकदा ताईला दवाखान्यात सोडायचं होतं. ती पुढे बसली, पिशवीतून विणकाम काढलं. पहिल्याच वळणावर तिच्या कोपराजवळून आवाज आला, डुबुक. गॅरंटीवाल्यांना वाटलं, बाटली असेल. पुढच्या वळणावर पुन्हा डुबुक.

“बाटलीचं झाकण लाव गं नीट,” ते मागे बसलेल्या बायकोला म्हणाले. बायकोजवळ बाटली नव्हती.

ताईनं दाराला कान लावला. मग गाडी बाजूला घ्यायला सांगून ती उतरली, दार उघडून खाली वाकली आणि विणायच्या सुईनं तळाशी काहीतरी उकरू लागली. काळ्या लेपाची एक गुठळी निघाली. तिच्यामागून पाण्याची धार लागली, ती नेमकी गॅरंटीवाल्यांच्या बुटावर. लेप मारणाऱ्यानं हात सैल सोडून काम केलं होतं आणि दाराची सगळी भोकं बुजवली होती. कितीतरी दिवसांचं पाणी आत साठलं होतं.

आता ताई म्हणणार, मी सांगितलं होतं. गॅरंटीवाले मान खाली घालून वाट पाहत राहिले. ताईनं नुसती रुमालानं सुई पुसली. ती तेवढं बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

मग त्यांनाच बोलावं लागलं. “ताई, गंजाची राहायची सोय करून दिली गं मी. तीही पदरचे पैसे घालून.”

“बाकीची दारं बघ,” ताई म्हणाली आणि सुई त्यांच्या हातात दिली.

भर रस्त्यात गॅरंटीवाले गुडघ्यांवर बसले. मागच्या दाराचं पाणी त्यांच्या बाहीत शिरून थेट काखेपर्यंत गेलं.