तवा चरचरलाच नव्हता

मी खाण्यावर लिहायला लागलो तो घरच्यांच्या सोयीसाठी. लग्नाहून परत आलो की नवरानवरी कशी दिसत होती ते मला सांगता यायचं नाही. पण मठ्ठ्यात आलं जास्त झालं होतं आणि दुसऱ्या पंगतीला जिलबी मऊ पडली होती, हे मी तासभर साभिनय सांगायचो. बायकोनं वीस वर्षं ऐकून घेतलं. एकविसाव्या वर्षी ती म्हणाली, "अहो, हे लिहून का काढत नाही? मग वाचायचं की नाही ते माणसाला ठरवता येतं."

म्हणून मी आमच्या बोळिंजच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहू लागलो. वर टँकरची चौकशी, खाली पार्किंगचं भांडण आणि मध्ये माझी मिसळ. पाणी कधी येणार असं विचारणाऱ्यालाही आगाशीच्या बाजारात कांदाभजी कुठे चांगली मिळतात ते कळू लागलं. पुढे भाचीनं ब्लॉग काढून दिला. मग वसईहून, नालासोपाऱ्याहून अनोळखी माणसं कळवू लागली, 'तुम्ही लिहिलंत म्हणून गेलो.' या वाक्याची नशा फार वाईट. ऑफिसात तीस वर्षांत मी सांगितलं म्हणून कोणी पंखासुद्धा बंद केला नव्हता.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सोसायटीच्या मालकीचा एक गाळा आहे. तिथे एक मावशी पोळी-भाजी केंद्र चालवतात. साठीच्या आहेत, अर्नाळ्याच्या बाजूच्या एका गावातून रोज सकाळी बसने येतात. त्यांचं घर त्या गाळ्यावरच चालतं. गाळा देताना कमिटीनं एकच अट घातली होती, की इथे मासळी-मटण शिजणार नाही, वरच्या मजल्यांना वास नको. कमिटीतल्या सात जणांपैकी सहा जण रविवारी आपापल्या घरी पापलेट तळतात. तो वास वर जातो, खाली येतो, जिन्यात दुपारभर बसून राहतो. पण ते घर आणि हा गाळा. मावशींनी अट मान्य केली आणि सहा वर्षं पाळली.

एका शनिवारी बायको बहिणीकडे गेली होती आणि मी तीनच्या सुमाराला गाळ्यात शिरलो. पोळ्या संपल्या होत्या, भाजी संपली होती, वरणाच्या पातेल्यात नुसती पळी वाजत होती. मी चेहरा केला. मला चांगला चेहरा करता येतो, शाळेत नाटकात मी दोन वर्षं दुष्काळग्रस्त होतो. मावशींनी क्षणभर पाहिलं, आत गेल्या, पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"घरचं हाय. चालंल काय?"

तांदळाची भाकरी आणि वांगं घालून केलेली सुकट. दोन्ही गार. पण काय सांगू! गार झाल्यामुळेच असेल, बारीक सुक्या कोळंबीचा सगळा खारटपणा वांग्यानं पिऊन घेतला होता, आमसूल जिभेच्या कडेला हळूच चिमटा काढत होतं आणि भाकरीला नव्या तांदळाचा वास होता. मी डबा पुसून खाल्ला. मावशी समोर बसून उद्याची मेथी निवडत होत्या. पैसे द्यायला गेलो तर त्यांनी हात मागे घेतला.

संध्याकाळी मी लिहायला बसलो. आता गार डब्यावर लिहायचं म्हणजे लिखाणही गार होणार, असं मला वाटलं. मी थोडी फुंकर घातली. 'आमच्याच इमारतीच्या पायाशी एक गुपित दडलंय,' असं सुरू करून मी पुढे लिहिलं, 'आत तव्यावर सुकट चरचरली, लसणीचा धूर शटरबाहेर गेला आणि रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानं ब्रेक लावला.' तवा नव्हता, धूर नव्हता आणि रिक्षावाला तर त्या दिवशी संपावर असला तरी मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाळ्यासमोर माणसं उभी. सुकट पाहिजे. मावशी प्रत्येकाला नाही म्हणत होत्या आणि प्रत्येकजण मोबाइल पुढे करून त्यांना त्यांचाच तवा दाखवत होता. रात्रीच्या आत सेक्रेटरींचा निरोप आला: येत्या रविवारी सकाळी अकराला कमिटीची सभा. विषय, अटीचा भंग झाल्यामुळे गाळा रिकामा करून घेणे.

बायको परत आली, तिनं माझा लेख दोनदा वाचला.

"अहो, हा तवा कुठून आला?"

मी म्हटलं, लिहिताना येतो.

"बरं. आणि डबा तिचा होता ना? मग ती काय जेवली?"

मला वांग्यातलं आमसूल कळलं होतं, नवा तांदूळ कळला होता. हे मात्र कळलं नव्हतं. मी खाली गेलो. मावशी कणीक मळत होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण रागावलेल्या माणसाला मी हसवू शकतो. त्या मळत राहिल्या. मी कमिटीला समजावतो म्हणालो, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"खाल्ल्या घासाची कोनी दवंडी पिटतं काय, भाऊ? हा गाळा गेला तर या वयात मला दुसरा कोन देनार?"

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात सातही जण हजर. एरवी तीन जमवायला दोन निरोप लागतात. मावशी दाराशी उभ्या होत्या, त्यांना खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. चेअरमननी माझ्या लेखाची प्रत काढून आणली होती. ते निवृत्त मुख्याध्यापक, वाचन उत्तम. 'लसणीचा धूर' पाशी ते थांबले, आवंढा गिळला आणि पुढे वाचू लागले. खजिनदारांनी डोळे मिटले होते. मला लाज वाटायला हवी होती, ती वाटतही होती, पण तिच्या शेजारी एक हलकट आनंदही बसला होता.

मग मी उभा राहिलो आणि सांगितलं की यातलं चरचरणं खोटं आहे. तो मावशींचा स्वतःचा डबा होता, घरून आणलेला, विकायला नव्हता. इथे काही शिजलं नाही.

कोणी विश्वास ठेवला नाही. सेक्रेटरी म्हणाले, शेजारधर्म म्हणून तुम्ही आता हे बोलताय, ते आम्हाला समजतं. चेअरमन म्हणाले, इतका बारकावा कल्पनेनं येत नाही, मला वाचताना वास आला. माझ्या लिखाणाचं इतकं कौतुक त्यापूर्वी कोणी केलं नव्हतं आणि त्या कौतुकानं मावशींचा गाळा जात होता.

एकच रस्ता होता. मी म्हटलं, माझ्या लेखातला आगाशीचा भजीवाला आठवतो? चौथ्या पिढीचा, डोळे मिटून तेलाचा आवाज ओळखणारा? सगळ्यांना आठवत होता. दोघं तर खास त्याला बघायला गेले होते. मी म्हटलं, मी त्याला पाहिलेलंच नाही. भजी आमच्या हिनं आणली होती, मी ती सोफ्यावर बसून खाल्ली. सांडोरच्या वाडीतला म्हातारा, ज्यानं केळं माझ्या हातावर ठेवून आभाळाकडे बघितलं? तो फोनवर बोलत होता. केळं मीच घडातून तोडलं आणि तो ओरडला. विरारच्या हॉटेलातला आचारी, जो माझा अभिप्राय ऐकून रडला? तो कांदा चिरत होता.

बायको दाराबाहेर उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, ते रडणं नव्हतं. खजिनदार हळूच म्हणाले, "म्हणजे आभाळाकडे बघितलंच नाही?" त्या केळ्याचा लेख त्यांनी आपल्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता.

तेव्हा मावशी पहिल्यांदा बोलल्या.

"गार होतं, साहेब. पाटं पाचाला घरी केलेलं, तीन वाजंस्तवर गरम कुठून राहील? यांना भूक होती, मला बघवलं नाय. माझ्या डब्यातलं मी कोनाला द्यायचं, ते पन विचारून देऊ काय?"

सेक्रेटरींनी एकदा खात्री म्हणून गाळा बघू या म्हटलं, म्हणून आम्ही सगळे खाली गेलो. सात मोठी माणसं एका छोट्या स्वयंपाकघरात नाक वर करून उभी राहिली. मेथीचा वास होता, पोळीचा होता. त्याच वेळी जिन्यातून कोणाच्या तरी घरचं पापलेट खाली उतरलं. सेक्रेटरींचे कान लाल झाले, कारण ते पहिल्या मजल्यावर राहतात. चेअरमन म्हणाले, विषय संपला. गाळा मावशींकडेच राहील आणि आपल्या डब्यात त्या काय आणतात हे कमिटीचं काम नाही. मी मात्र लेखी दुरुस्ती करायची.

दुरुस्ती मी त्याच दुपारी लिहिली आणि टाकण्याआधी मावशींना वाचून दाखवली. पहिल्या मसुद्यात त्यांचे 'सुरकुतलेले, मायाळू हात' होते. त्या म्हणाल्या, हे काढा. काढलं. शेवटी चार ओळी उरल्या: जेवण गार होतं. ते विक्रीला नव्हतं. ते दुसऱ्या कोणाचं तरी होतं आणि मी ते खाल्लं. या केंद्रात पोळी-भाजी मिळते आणि ती चांगली असते.

बरेच वाचक गेले. भजीवाल्याला बघायला गेलेल्या दोघांनी मला अजून माफ केलेलं नाही. पण वसईच्या एका साप्ताहिकाच्या संपादकबाईंनी त्या चार ओळी वाचून फोन केला आणि हॉटेलांवर सदर लिहाल का, असं विचारलं. मी म्हटलं, मी खोटं लिहितो हे कळल्यावर तुम्ही विचारताय? त्या म्हणाल्या, "जेवण गार होतं असं छापणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय." तीन वर्षं झाली, सदर चालू आहे. अजूनही लिहिताना हात तव्याकडे जातो. मग मी उठतो आणि त्या जागी परत जाऊन बघून येतो, तिथे तवा होता का.

मावशींनी एक नियम नवीन केलाय. तीन ते साडेतीन शटर अर्धं खाली असतं, त्या वेळात त्या जेवतात. परवा मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा एक तरुण जोडपं आलं. त्यातल्या मुलानं मला ओळखलं, वाकून शटरखालून बघायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "काका, आत काय आहे आज?"

मला वासावरून माहीत होतं. अगदी वाटणासकट माहीत होतं.

"साडेतीनला या," मी म्हटलं.