पहिल्या घोटाचा मान

कारंजा घाडग्याच्या सडकेवर मोतीलालचं हॉटेल होतं. त्याच्या मागच्या खोलीत दर हिवाळ्यात एक जेवण व्हायचं, आणि त्या जेवणाची खरी मालकीण असायची भागीरथा. दारूबंदी होती, म्हणून कवाड लावून. मोहाची काढावी तर भागीरथानंच, असं आसपासची गावं म्हणत. कलेजीसोबत पहिल्या धारेची कडक, रश्शासोबत दुसऱ्या धारेची, पुरणपोळीवर जमिनीत वर्षभर पुरलेली मऊ. कोणत्या घासाला कोणती, ते तीच सांगे, तीच ओते. पंगतीत मात्र तिचं पान नसे. मडकं उघडलं की आधी तिनं पळसाच्या द्रोणातून एक घोट घ्यायचा, जरा थांबायचं, मग बाकीच्यांनी पेले उचलायचे. ‘पहिला घोट माह्या मानाचा,’ असं ती मिरवत सांगे.

छप्पन साली नागपुरात जाऊन तिनं दीक्षा घेतली. आता प्यायची नाही, गाळायची नाही. आल्या आल्या भट्टी मोडली. तेवढा तांब्याचा हंडा मोतीलालकडे राहिला होता. पुढच्या हिवाळ्यात त्याचा निरोप आला, ‘हंडा घेऊन जाजो.’

ती गेली तर पंगत बसलेली. मधोमध तिनंच दोन वर्षांमागं पुरलेलं मडकं.

“ये वं भागीरथा,” रूपराव पाटील म्हणाले, “तुह्याच वाटेकडे डोळे लावून बसलो.”

“मी हंड्यासाठी आली.”

“देतो ना वं,” मोतीलाल म्हणाला. “एक घोट घे न् जा.”

“सोडली मी, शेठ.”

“वाढू नको, काई नको. निस्ता घोट घे.”

“धर्म बदलला, नरडं थोडंच बदललं?” रूपराव म्हणाले. सगळे खिदळले.

भागीरथा हसली नाही. “मडकं तुमच्यापाशी, पेले तुमच्यापाशी. माह्या घोटावाचून काय अडून राह्यलं?”

“भरोसा नाई ना बाप्पा असल्या मालाचा,” रूपराव सहज बोलून गेले. “मांगं दोघं आंधळे झाले म्हन्तेत. तू पेली का आमी बिनघोर.”

भागीरथाच्या कानशिलांत जाळ उठला.

“म्हंजे मी मरावं न् तुमी वाचावं! हा मान होता व्हय माहा? कुत्र्याले टाकता तसा तुकडा टाकत होते तुमी मले, अन् मी येडी तोंड वर करून सांगत हिंडली!”

“अवं, आवाज कमी कर,” मोतीलाल कवाडाकडे पाहत म्हणाला. “सडकेवर आयकू जाईन.”

“जाऊ दे! आज तू पे आधी. तुह्याच घरात होतं ना मडकं? पे!”

“मले पित्त हाय.”

“पे ना बे,” रूपराव म्हणाले.

“तुमी मोठे, पाटील. मान तुमचा.”

रूपरावांनी पेला पुढं ओढला, हुंगला, खाली ठेवला. शेजारच्यानं आपला पेला गुपचूप पानामागं सारला. रश्शावर तवंग गोठत चालला होता.

भागीरथानं कोपऱ्यातला हंडा उचलला, कवाड सताड उघडं टाकलं आणि निघाली.

घरी तिनं हंडा असा आदळला की त्याला पोचा आला. शेजारची कमलाबाई धावत आली.

“भेटला ना हंडा? मंग काऊन चिडून राह्यली?”

“माह्यावरच चिडली, बाई,” भागीरथा म्हणाली. “त्या घोटासाठी मी नवं लुगडं नेसून जात होती.”