पट्टीखालचं नाव

बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "नाना, मला रेकॉर्ड नको. नुसतं कव्हर पाहिजे."

मी एका प्लेअरची सुई बदलत होतो. मान वर न करता म्हणालो, "कव्हर सुटं विकत नाही. मग रेकॉर्ड काय उघडी नागडी ठेवू?"

"रेकॉर्डसकट घेते ना. पण कव्हर आमचंच पाहिजे. त्यावर माझ्या आईच्या हातचं लिहिलेलं आहे."

मी सुई खाली ठेवली. कारण माझ्या दुकानात लिहिलेलं कव्हर नव्हतंच. दिसेल असं एकही नाही. तशी व्यवस्था मीच केलेली होती.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जळगावात माझं जुन्या रेकॉर्डचं आणि प्लेअर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या आधी मी धुळ्याला भांड्यांवर नावं टाकायचो, मशीन घेऊन, टर्र टर्र. शाळा दुसरीपर्यंत. बाकीची अक्षरं मी पितळेवर शिकलो. तर भांड्यावर नाव असलं की त्या भांड्याचा मान वाढतो. रेकॉर्डवर नाव असलं की भाव पडतो. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक व्हॉट्सअपवर फोटो मागतं. कव्हरवर पेनाची रेघ दिसली की लगेच, "काका, यावर रायटिंग आहे." जसं काय उंदराने कुरतडलंय. मोठ्या गायकाची सही असली तर तेच गिऱ्हाईक उड्या मारतं. तशी सही माझ्याकडे आजवर एकदाच आली, आणि ती बनावट निघाली.

म्हणून माझा नियम होता. भंगारवाल्याकडून माल आला की रेकॉर्ड रिठ्याच्या पाण्याने धुवायची, आतलं गोल लेबल भिजू द्यायचं नाही, आणि सावलीत वाळवायची. आम्ही ताटाळ्यात वाळवतो, ताटांसारखी उभी. उन्हात ठेवली की रेकॉर्ड वाकते आणि मग ती पापड भाजायच्याही कामाची राहत नाही. कव्हरवर नाव-गाव, "सप्रेम भेट" वगैरे असेल त्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवायची. झालं माल विकायला तयार.

हे धुणं-चिकटवणं इंदूबाईचं काम. इंदूबाई माझी बायको. मागच्या दिवाळीच्या आधी गेली. ती धुळ्याकडची, शेवटपर्यंत अहिराणीच बोलली. पट्टी लावताना रोज कुरकुर करायची. "राहू द्या ना त्येस्नं नाव. कोनी परत मांगाले उनं तं?"

मी म्हणायचो, "भंगारातला माल परत मागायला कोण येतं? तुझा मामा?"

ती पट्टी लावायची, पण गम वापरायची नाही. कणकेची खळ करायची. खळीला झुरळं लागतात म्हणून मी खूप बोललो. गमाची बाटली आणून दिली. ती बाटली अजून कोरी पडली आहे.

तर या बाई. उज्ज्वलाताई. शाळेत शिक्षिका, पन्नाशी ओलांडलेली. वडील दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला होते. रिटायर झाल्यावर भुसावळला घर केलं. चार वर्षांपूर्वी ते घर मोडून ताईंनी आईवडिलांना जळगावला आपल्याकडे आणलं. तेव्हा प्लेअर बंद होता म्हणून रेकॉर्डचा खोका भंगारात दिला. दिला कोणी, तर ताईंनीच. आईवडिलांना न विचारता.

"आई काही बोलली नाही," त्या म्हणाल्या. "ती गेली आठ महिन्यांपूर्वी. आणि आता बाबा रोज विचारतात, सुमनने लिहिलेली रेकॉर्ड कुठे? दुसरं काही बोलतच नाहीत. जेवायला वाढलं तरी तेच. मी खोटं सांगितलं की माळ्यावर आहे. काल ते स्टूल लावून माळ्यावर चढत होते, नाना. ब्याऐंशी वर्षांचा माणूस."

"गाणी कोणती होती?"

"आठवत नाही. मी होस्टेलला होते."

"कव्हरचा रंग?"

"पिवळा असेल. किंवा केशरी."

"शिक्षिका ना तुम्ही? पोरांना असल्या उत्तराचे मार्क देता?"

त्या हसल्या आणि लगेच डोळे पुसले. मला बोललो त्याचं वाईट वाटलं. पण धंद्याचं खरं ते सांगायलाच हवं होतं. सांगितलं. दीपनगर-भुसावळचा माल माझ्याकडेच येतो, म्हणजे खोका इथे आला असणार. पण आला तो माल वेगळा ठेवत नाही. सगळा फळ्यांवर मिसळतो. काही विकला गेला. उरलेल्या प्रत्येक कव्हरवर पट्टी आहे.

"मग पट्ट्या काढू."

"सगळ्या?"

"सकाळची शाळा आहे माझी. दुपारी मोकळी असते."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पदर खोचून आल्या. खळ असल्यामुळे काम होण्यासारखं होतं. गम असता तर पट्टीबरोबर कव्हरची साल निघाली असती आणि साल निघाली की अक्षर गेलं. मी ओलं फडकं पट्टीवर ठेवायचो, शंभर आकडे मोजायचो, मग पट्टी उचलायची. खालून काय काय निघायला लागलं. "चि. अनिलला पाचवीत पहिला आल्याबद्दल." "ही रेकॉर्ड मागून नेऊ नये, नेल्यास अपमान होईल." एकावर नुसतं, "वाजवू नका, सासूबाई घरी आहेत." ताई मोठ्याने वाचायच्या. दुकानात कितीतरी महिन्यांनी कोणी हसत होतं.

दहाव्या-बाराव्या कव्हरला घोटाळा झाला. पट्टी उचलली आणि खालची अक्षरं निळी पाणी होऊन पसरली. शाईच्या पेनाने लिहिलेलं होतं. मी लगेच टिपलं तरी जायचं ते गेलं.

ताईंचा चेहरा उतरला. "नाना, आईने शाईच्या पेनानेच लिहिलं होतं. बाबांचा पेन होता."

"हे आधी सांगायचं!"

"तुम्ही विचारलं नाही!"

मग मी ते कव्हर उजेडाला तिरपं धरलं. रेकॉर्डवरचे ओरखडे बघायची ही आमची रीत आहे, कागदावर पेनाचा दाब पण तसाच दिसतो. "कुलकर्णी सर" एवढं वाचता आलं. दुसऱ्याचं होतं. ताईंनी श्वास सोडला. कोण कुलकर्णी सर, देव जाणे. त्यांचं नाव मी पुसलं याचं मला आजही वाईट वाटतं.

फडकं बंद केलं. चहाची किटली शेगडीवर ठेवली आणि वाफेवर एकेक कव्हर धरायला लागलो. वाफेने पट्टी फुगते, कोपरा सुटतो, मग बोथट सुरीने हळूहळू उचलायची. वेळ फार लागतो. एका दुपारी वीस-पंचवीस कव्हरं व्हायची. पट्टी आता पूर्ण कोरडी, अख्खी निघत होती.

तिसऱ्या दुपारी ताई म्हणाल्या, "नाना, पट्टीच्या मागेपण काहीतरी लिहिलंय."

मला वाटलं जुन्या वहीचा कागद असेल. त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. शिसपेन्सिलीने लिहिलेलं होतं, वरून खळ वाळलेली.

"रावेर. केळीच्या ट्रकमधून आली. मालक वारला."

मी चष्मा पुसून परत वाचलं. काढून ठेवलेल्या बाकीच्या पट्ट्या उलट्या करून पाहिल्या. "धुळे. दोघांचं नाव आहे. वेगळे झाले." "आणणारा मुलगाच. बापाला माहीत नाही."

इंदूबाईचं अक्षर. ती चौथी शिकलेली, माझ्यापेक्षा दोन इयत्ता पुढे. बोलायची अहिराणी, लिहायची शाळेतलं मराठी. माल घेऊन येणाऱ्याला ती पाणी द्यायची आणि हे कुठलं, ते कोणाचं, विचारत बसायची. मी आतून ओरडायचो, पंचायती कशाला करते. ती पंचायती नव्हती. परत मागायला कोणी आलंच तर सापडावं म्हणून ती लिहून ठेवत होती, आणि मी बोलेन म्हणून पट्टीच्या पाठीवर लिहीत होती. पेनाने लिहिलं असतं तर खळीत पसरलं असतं. तिने पेन्सिल घेतली. इतकं डोकं मी चालवलं नसतं.

ताई विचारत होत्या, "कोणाचं अक्षर आहे, नाना?"

मी म्हणालो, "घरचं." मग म्हणालो, "धूर गेला डोळ्यात."

धूर नव्हता, वाफ होती. मास्तरीण असूनही त्यांनी चूक काढली नाही. किटलीत पाणी घालायला उठल्या.

त्यानंतर काम सोपं झालं. पट्टी पूर्ण काढायची गरज उरली नाही. कोपरा उचलून मागचं गाव वाचायचं. दीपनगर किंवा भुसावळ नसलं की पुन्हा दाबून ठेवायचं. पाचव्या दुपारी कोपरा उचलला तर "दीप" दिसलं. मी हात थांबवला. ताईंना सांगितलं, "आता बोलू नका. हलू पण नका." कव्हर ना पिवळं होतं ना केशरी. हिरवंगार होतं. मी ते वाफेवर धरलं, काढलं, परत धरलं. या वेळी सुरी त्यांनी धरली आणि कव्हर मी.

पट्टीच्या मागे होतं, "दीपनगर. भुसावळच्या भंगारातून. बाईचं अक्षर. मोठेपणी शिकलेली दिसते."

आणि कव्हरवर, निळ्या शाईत, ओळ खाली उतरत गेलेली, "श्री. दयाराम यांची रेकॉर्ड. ओल्या हाताने धरू नये. सुमन."

शेवटचा "न" थोडा पसरला. बाकी सगळं शाबूत.

ताई म्हणाल्या, "आई कॉलनीतल्या प्रौढांच्या वर्गाला जायची. सुट्टीत घरी आले की मी तिला हसायचे. माझी पोळी करून मग वर्गाला जा म्हणायचे." एवढं बोलल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. मी चहा केला. किटली तापलेलीच होती.

त्या म्हणाल्या, तुम्हीच चला द्यायला. मी कुणाकडे जात नाही आताशा, पण गेलो. बैठकीच्या खोलीत भिंतीवर बुद्धांचा फोटो, शेजारी सुमनबाईंचा, ताज्या फुलांचा हार घातलेला. खाली खुर्चीत दयाराम आबा. इस्त्रीचा सदरा. खिशाला पेन.

मी धंद्याच्या सवयीने आधी दोष सांगितला. "आबा, कव्हर तुमचंच आहे, पण आतली रेकॉर्ड दुसरीच निघाली. भंगारात अदलाबदल होते. कव्हरवर छापलंय ती हवी असेल तर शोधून देतो."

"गाणी कोणाला ऐकायचीत?" आबा म्हणाले. कव्हर हातात घ्यायच्या आधी त्यांनी दोन्ही हात सदऱ्याला पुसले. मग अक्षरावर बोट ठेवलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत नेलं.

"साठ वर्षांच्या संसारात तिने माझं नाव तोंडाने घेतलं नाही," ते म्हणाले. "अहो, ऐकलं का, एवढंच. लग्नात उखाणा घ्यायला लावला तर पळून गेली. हे एकदाच लिहिलं. वर्गातून आली, माझ्या खिशातला पेन काढला आणि लिहिलं. दुसरा कागद नव्हता जवळ."

ताई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाबा, माळ्यावर नव्हती. मी भंगारात दिली होती. मीच."

आबा म्हणाले, "माहीत आहे मला. तुझ्या आईने सांगितलं होतं. म्हणाली, पोरीला बोलू नका, तिला वाईट वाटेल."

"मग माळ्यावर कशाला चढत होता?"

"तू खरं सांगत नव्हतीस, मग मी काय करू?"

ताई रडायला लागल्या आणि आबा मला म्हणाले, "तुम्ही बसा हो. ही अशीच आहे लहानपणापासून." मी बसलो. जेवूनच आलो. जेवताना आबा मला विचारत होते, घरी कोण कोण असतं. मी सांगितलं, कोणी नाही. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढायला लावली. दुसरं काही म्हणाले नाहीत. तसाच माणूस बरा असतो.

या धंद्यात जे शिकायला मला इतकी वर्षं लागली ते सांगून टाकतो. जुन्या मालावर आधीच्या मालकाचं नाव असलं तर ते राहू द्यावं. आता मी नवीन आलेल्या मालावर पट्टी लावत नाही. पुण्याचं गिऱ्हाईक "काका, रायटिंग" म्हणालं की मी म्हणतो, आहे, वाचून घ्या, नको असेल तर कोरी थाळी विकत घ्या. त्यातले अर्धे फोन ठेवतात. ठेवू द्या.

जुन्या पट्ट्यांच्या दोन फळ्या बाकी आहेत. तो माल विकायचा बंद केला आहे. ताई म्हणाल्या, सुट्टीत येते, सगळ्या काढून टाकू. मी नको म्हणालो. मी रोज एकच काढतो. दुपारी, किटली ठेवली की. एखाद्या दिवशी नुसतं गावाचं नाव निघतं, एखाद्या दिवशी काहीच नसतं. तिलाही रोज कुठे वेळ असणार. काल निघाली त्यावर होतं, "भडगाव. म्हातारे एकटेच आले. दोनदा चहा दिला."

दोनदा चहा दिल्याचं मला कधी बोलली नव्हती.