टँकरची खिडकी

कुठनं सुरू करू कळेना, तर खिडकीपासनंच करते.

मी विश्रामबागला एका इंटिरियरच्या ऑफिसात काम करते. गाव जतच्या बाजूला. कॉलेजात वास्तुकलेच्या इतिहासाच्या तासाला सगळे राजेच. अमक्यानं किल्ला बांधला, तमक्यानं देऊळ. मी मागच्या बाकावर बसून विचार करायचे, मग आमचं स्वयंपाकघर कुणाचं? कारण ते आईनं केलेलं. खरंच. भिंती गवंड्यानं उभ्या केल्या, पण आतलं सगळं तिचं. चूल, घागरींचा कट्टा, मिठाचा कोनाडा, चोपून सारवलेली जमीन. चूल घालायला गावातल्या बायका तिला बोलवून न्यायच्या, पुरुष त्या कामाला हात लावत नव्हते. आणि चुलीसमोर तिनं भिंतीत झरोका पाडलेला, भाकरी थापता थापता रस्ता दिसावा म्हणून. टँकर आला की पहिली घागर तिची.

म्हणून नवं स्लॅबचं घर बांधायचं ठरलं तेव्हा प्लॅन मीच काढला. लय उत्साहात. आईला विचारलं, तुला काय काय पायजे?

"मला काय कळतंय त्यातलं."

"सांग की."

"वट्ट्याम्होरं खिडकी ठेव. टँकर दिसला पायजे."

बास, एवढंच मागितलं तिनं. मी मोठी खिडकी काढली, ओट्याच्या बरोबर समोर, रस्त्याकडं.

चौकटीच्या पूजेला आईनं दाराच्या चौकटीला हळदीकुंकू लावलं, आणि मग हळूच जाऊन भिंतीला टेकवलेल्या खिडकीच्या चौकटीलाही लावलं. चुलता हसला. "वैनी, खिडकीची बी पूजा व्हय?"

"आवं, तिथंच उभी ऱ्हाणार हाय मी जलमभर."

पुढं कुपवाडला एका कारखान्याच्या ऑफिसचं काम निघालं आणि बरेच दिवस गावी जाता आलं नाही. गेले तर ओट्यासमोर सपाट भिंत. प्लास्टरसकट.

"आण्णांनी बुजवाय लावली," मिस्त्री म्हणाला. आण्णा म्हंजे माझे वडील. ते बाहेर पाणी मारत होते.

"आण्णा, खिडकी?"

"रस्त्यावरनं समदं आत दिसतंय. येणारा-जाणारा बाईमाणसाकडं बघत जाणार का?"

"आणि टँकर?"

"क्यामेरा लावतोय की. खिडकीतनं आता कोण बघतंय?"

मी प्लॅन दाखवला, भांडले, रडले पण. मिस्त्री मधेच म्हणाला, "ताई, म्होरनं टाइल लावल्यावर लय झ्याक दिसंल." मी आईला म्हणलं, तू बोल की. ती परातीत पीठ काढत होती. "ऱ्हाऊ दे. मान्सं जेवायची हायत."

चौकट शेळ्यांच्या गोठ्याला बसवली. कुंकू अजून हाय तिच्यावर. शेळ्यांना रस्ता दिसतोय.

वास्तुशांतीला अख्खं गाव आलं. जो येईल तो विचारायचा, प्लॅन कुणाचा? आणि आण्णा छाती फुगवून, "माझ्या पोरीचा." खोटं नव्हते बोलत. त्यांना खरंच लय अभिमान. बायका आत येऊन ओट्यावरनं हात फिरवायच्या आणि मला म्हणायच्या, नशीबवान हाय बाई तुजी आई.

कॅमेरा लावलाय, गेटवर. स्क्रीन हॉलमध्ये, बाप्यांच्या बैठकीत. आणि भावाच्या मोबाइलमध्ये. भाऊ मिलिटरीत, जम्मूला.

गेल्या रविवारी मी घरी होते. आई ओट्याशी भाकरी थापत होती, तोंड भिंतीकडं. फोन वाजला. हात पिठाचे, म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"आई, टँकर आलाय बघ गेटाम्होरं. पळ."

जम्मूतनं.

आई घागर घेऊन पळाली. हॉलमध्ये आण्णा आणि चुलता बसलेले, डोक्यावर कॅमेऱ्याची स्क्रीन चालू, दोघंबी टीव्हीवर बातम्या बघत. मी दारापर्यंत गेले. रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली आणि आई एकदम शेवटाला.

आत आले तर भाकरी करपली होती. तवा उतरवला. ओट्यासमोरच्या टाइलवर फळांची टोपली छापलीय. तिच्याकडं बघत उभी राहिले, दुसरं बघायला तिथं काही नाहीच.