किंगचा श्रावण

पिंप्राळ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून प्रेमराज राहतो. गाव साक्रीकडचं, धंदा गांडूळखताचा, आणि कुठल्याही विषयावर याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "ते मला विचारा." दुसरं ऐकायला मी कधी थांबत नाही.

या माणसाने साप पाळला. इथले साप पाळायला बंदी, म्हणून अमेरिकेतल्या जातीचा, गार्टर नावाचा, पुण्याच्या ललित नावाच्या माणसाकडून कागदपत्रांसकट आणला. दीड हात लांब, अंगावर पिवळे पट्टे, स्वभावाने अगदी गरीब. नाव ठेवलं किंग. अख्ख्या गल्लीला बोलावून काचेची पेटी दाखवली, किंगला गळ्यात घालून फोटो काढले. खायला घालायची वेळ आली की मात्र साहेबांना दुकान आठवायचं.

खायला घालायची त्याची बायको, कोकिळावहिनी. आधी त्या पेटीकडे बघतसुद्धा नव्हत्या. मग एकदा किंग उपाशी राहिलेला पाहिला आणि त्यांनी स्वतःच ललितला फोन लावून सगळं विचारून घेतलं. चिलापी माशाचे बोटाएवढे तुकडे गोठवून ठेवायचे, देण्याआधी त्यांचा बर्फ पूर्ण सुटू द्यायचा, चिमट्याने बशीत ठेवायचे, म्हणजे पेटीतली माती पोटात जात नाही. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. शोभेच्या टाकीतले गोल्डफिश द्यायचे नाहीत. आणि खताची लाल गांडुळं तर अजिबात नाहीत, ती या सापाला बाधतात. हे शेवटचं त्यांनी नवऱ्याला पुन्हा पुन्हा बजावलं, कारण घरामागे त्याच गांडुळांचे वाफे होते. किंग मला ओळखतो, असं वहिनी म्हणायच्या. तो ओळखत असेल-नसेल, त्यांचा मात्र त्याच्यावर जीव जडला होता.

श्रावण लागला. प्रेमराजची आई भिकुबाई कडक. "सरावनमा घरमा मासा नही पायजे," एवढंच म्हणाल्या. वहिनी भांडल्या नाहीत. धडधाकट साप आठ-पंधरा दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही, हे ललितने सांगितलेलं होतं. तरीही त्यांनी मला विचारलं, "भाऊ, तुमच्या फ्रीजमध्ये डबा ठेवू का?" मी हो म्हणालो. हे प्रेमराजला कळलं आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याचा साप शेजाऱ्याच्या फ्रीजवर जगणार? शोभतं का? डबा तसाच कचऱ्यात गेला.

वास्तविक याने नुसतं गप्प बसायचं होतं. काहीच केलं नसतं तरी किंग जगला असता. पण गप्प बसणं हा एकच विषय या विद्वानाला येत नाही.

रविवारी त्यांच्याकडे कानबाई, श्रावणातली एका दिवसाची देवी, बसली. भाऊबंद जमले, आरती झाली, मीही दर्शनाला गेलो होतो. इतकी माणसं आयती समोर आल्यावर प्रेमराजला राहवतंय थोडंच! मागे जाऊन ओंजळभर लाल गांडुळं घेऊन आला.

वहिनी पेटीला आडव्या आल्या. "त्या नका देऊ. ईख शे त्याले, जहर शे."

"गांडूळ म्हंजे खत शे, खत!" प्रेमराज पाहुण्यांकडे बघत म्हणाला. "मटन थोडंच शे? आईना सरावन बी ऱ्हास, सापनं पोट बी भरस. बठ्ठं, सगळं बठ्ठं माले माहित शे."

पाहुणे हसले. काय डोकं आहे म्हणाले. भिकुबाईंनीही मान डोलावली. पोरगा खताच्या पोत्यावर बसून सर्पशास्त्र शिकला, याचं त्या घरात कौतुक! मला इतकी चीड आली होती. वहिनींना त्याने खांद्याने बाजूला केलं आणि ओंजळ पेटीत रिकामी केली. भुकेला जीव तो. त्याने खाल्लं.

संध्याकाळी किंगने सगळं ओकून टाकलं. मग तोंड उघडं टाकून पडून राहिला. वहिनी पेटीशी बसून होत्या. सकाळी, कानबाईच्या विसर्जनाआधीच, तो गेला.

आता साहेबांचा उत्साह बघा. पांढरं फडकं आणलं, हळद-कुंकू आणलं, वर पाहुण्यांना सांगतोय, "श्रावणात गेला, तोही कानबाईच्या सोमवारी. पुण्यवान जीव. हवा मानवली नाही बिचाऱ्याला." आणि पाहुणे माना हलवतात! मागच्या वाफ्याजवळ खड्डा खणला. त्याने वहिनींकडे वाटीभर दूध मागितलं, किंगच्या तोंडाला लावायला.

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. ललित होता. श्रावणात किंगच्या खाण्याचं कसं करताय, म्हणून त्याने चौकशीला फोन केला होता. वहिनींनी स्पीकर चालू केला आणि फोन नवऱ्यापुढे धरला.

"सांगा त्यासले," त्या म्हणाल्या. "काय खावाडं ते सांगा."

सगळे पाहुणे बघत होते. फोनमधून ललित "हॅलो, वहिनी? खातोय ना तो?" असं विचारत राहिला. प्रेमराज हातातल्या फडक्याकडे बघत उभा होता. आता त्याला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं.