धाकलूमामाची गाळणी

धाकलूमामाचे हात काही स्वस्थ बसायचे नाहीत. बदलापूरच्या एका कॉलेजात तो बावीस वर्षं शिपाई आहे, आणि या बावीस वर्षांत त्यानं न सांगता केलेले उपकार आठवले की प्राचार्यांना आजही घाम फुटतो. त्यांच्या केबिनमधल्या प्लास्टिकच्या झाडाला त्यानं आठ महिने न चुकता पाणी घातलं; खालचं कपाट कुजलं तेव्हा कुठे कळलं. रसायनशास्त्राच्या एका मुलीनं महिनाभर जपून वाढवलेले स्फटिक त्यानं ‘बाटलीला खार धरलाय’ म्हणून घासून काढले आणि बाटली लख्ख केली. पेंढा भरलेल्या मुंगसाचे केस तर तो दर सोमवारी विंचरतो. मनात कपट नाही हो, पण दुसऱ्याची अडचण त्याला लगेच दिसते. नसली तरी दिसते.

घरीही तीच तऱ्हा. बारवी धरणाच्या अंगाला त्याचा पाडा आहे आणि पाड्याखाली त्याचं एक खोलगट भाताचं खाचर. आषाढात तिथं पाणी तुंबतं. भात पेरल्यावर जरा पाणी साचलं, की ‘बी गुदमरतंय’ म्हणत धाकलू फावडं घेऊन बांध फोडून मोकळा. त्याची बायको राही मुकाट्यानं बांध पुन्हा लिंपायची. बियाणं तिच्या माहेरचं, नाव डुबकं. ते पाण्याखालूनसुद्धा उगवतं, असं तिची आई सांगायची. धाकलूचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

पण बढाई मारायला विश्वास कशाला लागतो? वनस्पतिशास्त्राच्या नेत्रा मॅडमनी पाण्यात बुडालेलं भाताचं बी कसं उगवतं यावर काम काढलं आणि गावोगावची अकरा वाणं जमवली, तेव्हा आपला गडी छाती फुगवून म्हणाला, “मॅडम, आमचं डुबकं घ्या. चार बोटं पाण्यातनं नाक वर काढतंय बघा!”

मॅडमनी खरंच घेतलं. बारा काचेच्या बरण्या मांडल्या, तळाशी बी, वर उकळून गार केलेलं चार बोटं पाणी, म्हणजे त्यात हवा कमीत कमी. त्यावर काळं फडकं. ते बघून धाकलू हबकला. आता डुबकं कुजणार आणि घराण्याचं नाक कापलं जाणार!

भाताला मोड आणायची रीत त्याच्या पाड्यात शेंबडं पोरही सांगेल. बी भिजवायचं, निथळायचं, ओल्या गोणपाटात बांधायचं आणि वर वजन ठेवायचं. मॅडम पडल्या शहरातल्या, निथळायचं विसरल्या असतील. बाईमाणसाला चारचौघांत कशाला लाजवा, असा पोक्त विचार करून संध्याकाळी पाचला त्या गेल्या की धाकलू चहाची गाळणी काढायचा. एकट्या डुबक्याला वाचवणं त्याला पटेना. बाकीची अकरा काय सावत्र होती? बारा पुरचुंड्या गोणपाटात गुंडाळून त्यावर तो प्राणिशास्त्राचा जाडा ग्रंथ ठेवायचा. सकाळी मॅडम यायच्या आत ज्याचं बी त्याच्या बरणीत आणि पाणी होतं तेवढं. चोखपणात नाव ठेवायला जागा नाही.

सहाव्या दिवशी मॅडमनी फडकं काढलं. बाराही बरण्यांत पांढऱ्याशुभ्र मुळांचं जंगल माजलं होतं. धाकलू शाबासकीची वाट बघत उभा राहिला. मॅडमनी मात्र काही कोंब यंत्रात तपासायला घातले आणि चार दिवसांनी जेवणाचा डबा न उघडताच कागद आवरायला लागल्या.

“काय झालं मॅडम? समदी तर उगवलीत.”

“तेच तर, मामा. हवा नसली तर भाताला मुळं फुटत नाहीत. आणि बुडाल्यावर जी जनुकं जागी व्हायला हवीत, ती सगळी ढाराढूर झोपलेली. माझ्याच हातून काहीतरी चुकतंय. येत्या शनिवारी विद्यापीठाची माणसं बघायला येणार. दाखवायला काही नसेल तर काम बंद.”

 धाकलूनं खिशातून गाळणी काढून टेबलावर ठेवली.

“ती गुदमरत होती ओ, मॅडम.”

“कोण?”

“बियाणं. म्हणून मी रोज निथळवलं. रविवारी पण आलतो.”

नेत्रा मॅडम खाली बसल्या. मग ताडकन उठल्या. “मामा, त्यांना गुदमरवायचंच होतं!”

मग त्यांनी त्याला फैलावर घेतलं, आणि रागाच्या भरातच सगळं समजावलंही. बियाच्या पोटात पिठाची कोठी असते, कुलूप लावलेली. हवा तुटली की बियाला साखर पुरत नाही, भूक लागते. ती भूकच काही जनुकांना जागं करते, आणि ती जनुकं कोठी उघडणारा रस बनवायला लावतात. मुळांना हुकूम सुटतो, तुम्ही थांबा. सगळी साखर एका पांढऱ्या कोंबाला, आधी वर जा, नाक बाहेर काढ. ज्या वाणाला हे जमत नाही, ते कुजतं.

“ते कुणाला जमतं, एवढंच मला बघायचं होतं. तुम्ही बाराही जणांना आयती हवा दिलीत!”

त्याच दिवशी बरण्या पुन्हा भरल्या. शनिवारला पाचच दिवस उरले होते. धाकलूनं गाळणी मॅडमच्या कपाटात आपल्या हातानं कुलूपबंद केली आणि रोज संध्याकाळी बरण्यांसमोर स्टुलावर बसला, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. मुंगूससुद्धा त्या आठवड्यात विंचरल्याविना राहिलं.

शनिवारी पाहुण्यांसमोर फडकं निघालं. सात वाणं कुजली होती, चार अर्ध्यात अडकली होती. डुबक्याला एक मूळ नव्हतं. होता फक्त कोंब, पांढरा, सुतासारखा सरळ, आणि त्याचं टोक पाण्याबाहेर आलं होतं. काम चालू राहिलं. पाहुण्यांनी बियाणं कुणाचं म्हणून विचारलं, तेव्हा मॅडमनी वहीत राहीचं नाव लिहिलं.

घरी जाताना धाकलूला आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती. वीस वर्षं आपण त्या बियाला मदत केली, आणि एकदाही त्याला काय येतं ते करू दिलं नाही.

यंदाच्या आषाढात खाचर तुंबलं. धाकलू फावडं न घेता गेला आणि बांधावर हात मांड्यांखाली घालून बसला. रोज बसला. सहाव्या दिवशी पाण्यावर पांढरी टोकं दिसायला लागली, आधी दोन, मग मोजता येईनात. एक कोंब जरासा वाकडा होता. धाकलू कासावीस झाला, पण जागचा हलला नाही.

राही भाकरी घेऊन आली. तिनं पाण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“काढ आता हात,” ती म्हणाली. “जेवाय लागतील.”